पंधरा पिशव्या

उन्हाळ्याच्या अनेक सुट्या माझ्या आयुष्यात आल्या आणि गेल्या. विद्यार्थी असताना आल्या, पुढे शिक्षक आणि मुख्याध्यापक झालो तेव्हाही आल्या. पण ‘सुटी’ हा शब्द उच्चारला की माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो १९७३ सालचा उन्हाळा. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. सातवीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. आमचे बिऱ्हाड जालन्यास होते. जालना जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. आमचे गाव तेव्हा औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. १९७२ च्या पावसाळ्याने दगा दिला होता आणि त्याआधीची वर्षेही फारशी बरी गेली नव्हती. कुंडलिकेचे पात्र कोरडे ठणठणीत पडले होते. मोंढ्यात धान्याच्या गाड्या येईनाशा झाल्या. माझे वडील मोंढ्यातील एका अडतीवर हिशेब लिहीत. धान्यच नाही, तेथे हिशेब कसला? त्यांचा पगार निम्म्यावर आला. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. पण आम्ही कुरकुर न करता खात असू.

आईने तेव्हा कोपऱ्यातील पायमशीन पुढे ओढले. शिंप्यांच्या दुकानांतून ती कपड्यांची कातरणे वजनावर विकत आणी. रात्री जेवणे झाली की कंदिलाशेजारी बसून ती त्या तुकड्यांची रंगांप्रमाणे वाटणी करी. मांजरपाटाचे अस्तर, वर चौकोनी तुकड्यांची जोड आणि दोन भक्कम बंद, अशी तिची बाजाराची पिशवी तयार होई. आधी धावदोऱ्याने कच्चे टाचायचे, मग मशीनवर पक्की शिवण घालायची, हा तिचा नेम. बंद शिवताना ती त्याच्या टोकाशी चौकोन शिवून त्या चौकोनात फुली मारी. मी एकदा विचारले, “एवढी मेहनत कशाला? एक सरळ शिवण पुरणार नाही का?”

आई म्हणाली, “पिशवी मधोमध फाटत नाही रे. ती बंदाच्या मुळाशी फाटते. ओझे जेथे पडते, तेथे टाका पक्का हवा.”

त्या सुटीत माझे मामा आमच्याकडे राहावयास आले होते. ते प्राथमिक शिक्षक होते. पै-पै साठवून त्यांनी ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा घेतला होता. आईच्या पिशव्यांचे गाठोडे घेऊन आम्ही दोघे एसटीने आठवडी बाजारांना जाऊ लागलो. गाठोडे मामांच्या खांद्यावर आणि कॅमेरा माझ्या गळ्यात! मला कोण अभिमान वाटे!

कॅमेऱ्याची रीत मामांनी मला नीट समजावून दिली होती. एका रोळावर बाराच फोटो निघत. उजेड कडक असेल तर खूण सूर्यावर ठेवायची, आभाळ असेल तर ढगावर. सूर्य आपल्या पाठीशी हवा. श्वास रोखून कळ दाबायची आणि लगेच फिल्म पुढे सरकवायची. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लहानशी तांबडी खिडकी होती. तिच्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवावी लागे. “हे विसरलास, तर एकाच जागी दोन फोटो उमटतील आणि दोन्ही वाया जातील,” असे मामांनी बजावले होते.

आम्ही अंबडला गेलो. मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणतात. तिचा मी फोटो काढला. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब येथेही जाऊन आलो. प्रत्येक फोटो घेण्यापूर्वी मी दहादा विचार करीत असे. कारण रोळ विकत घेऊन तो धुऊन घ्यावयाचा, तर आईच्या चौदा-पंधरा पिशव्यांची कमाई खर्ची पडे.

मे महिन्यात एके दिवशी आम्ही भोकरदनच्या बाजाराला निघालो. वाटेत राजूरच्या गणपतीची टेकडी लागली. मामा इतिहासाचे वेडे. ते सांगू लागले, “भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील माणसांनी सांचीच्या स्तूपाला दाने दिली. त्या दात्यांची नावे तेथे दगडात कोरलेली आहेत. ते कोणी राजेमहाराजे नव्हते, तुमच्या-आमच्यासारखी माणसे होती. पण त्यांची नावे राहिली.”

योगायोग असा, की त्याच वर्षी नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पुढे विद्वानांच्या चर्चेचा विषय झाली. कारण इटलीतील पाँपेई या गाडल्या गेलेल्या नगरात तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती पूर्वीच मिळाली होती. ही हकिगत मला पुढे पुस्तकांतून कळली. त्या दिवशी मात्र माझे अर्धे लक्ष मामांच्या बोलण्याकडे आणि अर्धे खिडकीबाहेर होते.

राजूर मागे पडले आणि आमच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. सगळे उतारू खाली उतरले. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होते. शेकडो बायका-पुरुष रणरणत्या उन्हात खडी फोडीत बसले होते. हातोड्यांचा तो एकसारखा आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्या महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. आपण आज ज्या रस्त्यांवरून सहज जातो, त्यांतील कित्येकांखाली त्या हातांनी फोडलेली खडी आहे.

मला तहान लागली होती. आमचा पाण्याचा तांब्या रिता झाला होता. एक म्हातारी बाई बाभळीच्या तोकड्या सावलीत बसली होती. तिच्याजवळ एक लहानसे मडके होते. माझ्याकडे पाहून तिने हाक मारली, “इकडं ये लेकरा, पाणी पी.”

मी मामांकडे पाहिले. पाण्याच्या घोटाघोटाचे मोल होते ते दिवस! पण तिने तोवर तांब्या भरून माझ्यापुढे धरला होता. मी पाणी प्यालो. इतके गोड पाणी मी त्यापूर्वी कधी प्यालो नव्हतो आणि त्यानंतरही नाही.

तिची भाकरी एका जीर्ण फडक्यात बांधलेली होती. मामांनी गाठोड्यातून एक पिशवी काढून तिच्यापुढे केली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवले आणि परत दिली. “चांगली हाय. पर फुकटचं कशाला घेऊ? अन् पैसं तर न्हाईत.” मामांनी खूप आग्रह केला, पण ती ऐकेना. मग तिची दृष्टी माझ्या गळ्यातील कॅमेऱ्याकडे गेली. ती जरा संकोचून म्हणाली, “त्यात माझं चित्र निघल का रे? माझा ल्योक मुंबईला गेलाय कामाला. त्याला धाडीन म्हणते. माझं एकबी चित्र न्हाई त्याच्यापाशी.”

पिशवी फुकट न घेणाऱ्या त्या माउलीने पाण्याच्या बदल्यात एवढेच मागितले. मी तिला उन्हाकडे तोंड करून बसविले. तिने पदर सावरला, कपाळावरची धूळ पुसली. मी श्वास रोखला आणि कळ दाबली. इतक्यात गाडीचा भोंगा वाजला. “आजी, फोटो आणून देतो हं!” असे ओरडून मी धावत सुटलो. तिने हात उंचावला.

भोकरदनला केळणा नदीचे पात्र भेगाळून गेले होते. माणसे वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी उपसत होती. मी त्याचा एक फोटो घेतला.

रोळ धुऊन आला, तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेने पाकीट उघडले. अंबडची टेकडी छान आली होती. म्हातारीचा फोटो हाती आला आणि माझे हातपाय गळाले. भोंगा ऐकून धावताना मी फिल्म पुढे सरकवायची विसरलो होतो! नदीचा फोटो तिच्या फोटोवरच उमटला होता. तिच्या अंगावर जेथे जेथे सावली होती, तेथे नदीचे पात्र दिसत होते. तिच्या सावळ्या गालांवर आणि कपाळावर केळणेच्या भेगा पसरल्या होत्या. तिच्या मुलानेही तिला ओळखले नसते.

मी तो फोटो वहीत लपवून ठेवला. दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. शेवटी आईनेच विचारले आणि मी रडत रडत सर्व सांगितले. आई रागावली नाही. मशीनवरची एक पिशवी उचलून ती म्हणाली, “शिवण वाकडी गेली, तर मी काय करते?”

“उसवतेस.”

“आणि?”

“पुन्हा घालतेस.”

“मग? वाकडी शिवण अस्तराखाली झाकून कोणाला फसवायचे? पंधरा पिशव्या शिव. त्यांचे पैसे तुझे. रोळ घे आणि जा.”

मी शिवावयास बसलो. पहिल्या दोन पिशव्या तीन-तीनदा उसवल्या. सुई बोटात घुसली, दोरे तुटले, पाय भरून आले. बंदाच्या टोकाशी चौकोन आणि त्यात फुली मी प्रत्येक पिशवीवर न चुकता घातली. पंधरा पिशव्या बाजारात विकल्या गेल्या. सोळावी मी वेगळी शिवली. सर्वांत चांगले तुकडे निवडून. पाण्याचे मोल म्हणून दिली, तर आजी ती नाकारणार नाही, असे मला वाटले.

नवा रोळ घालून आम्ही निघालो, तोवर मृग बरसून गेला होता. जमीन ओली झाली होती, हवेत मातीचा वास भरला होता. सारा मुलूख आनंदात होता. आम्ही ती बाभळ ओळखली. रस्त्याकडेला खडीचे ढीग ओळीने पडले होते. पण माणूस एकही नव्हता. पाऊस पडताच सगळे पेरणीसाठी आपापल्या गावी परतले होते.

जवळच्या वस्तीवर आम्ही चौकशी केली. एक शेतकरी म्हणाला, “कामावर धा गावची माणसं व्हती. म्हातारीचं नाव काय?”

मी मामांकडे पाहिले. मामांनी माझ्याकडे पाहिले. तिचे पाणी मी प्यालो होतो, तिचा चेहरा कॅमेऱ्यात घेतला होता, तिला शब्द दिला होता. पण तिचे नाव मी विचारले नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत आणि मला पाणी देणारीचे नाव मला ठाऊक नाही! परतीच्या वाटेवर मामा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. कामाची मागणी करणाऱ्यास काम देण्याची जबाबदारी शासनाने घेतली. २००५ साली देशासाठी तसा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. ते वाचताना मला प्रत्येक वेळी बाभळीखालचे ते मडके आठवले. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि लोक पुन्हा कापडी पिशव्या शोधू लागले, तेव्हा आईचे मशीन आठवले.

मी चौतीस वर्षे शाळेत शिकविले. नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी धडा कधी सुरू केला नाही. प्रत्येक मुलाजवळ जाऊन त्याचे नाव विचारले आणि ते पाठ केले. शिपायाचे, पाणी भरणाऱ्या बाईंचेही विचारले. मुलांना या सवयीचे नवल वाटे. तिचे कारण आज प्रथमच सांगत आहे.

ती सोळावी पिशवी अजून माझ्यापाशी आहे. तिचे रंग विटले आहेत, पण बंदांची शिवण जागची हललेली नाही. आत एकच वस्तू आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून वाहत गेलेल्या कोरड्या नदीचा तो फोटो.