केसपेपरवर कारण लिही

नागपूर

चि. केतकी,


पत्र मिळालं. ‘मावशी, घटनेत आरोग्याचा हक्क नेमका कुठे लिहिलाय?’ असं विचारलंस. मूलभूत हक्कांमध्ये तो वेगळा लिहिलेलाच नाही. कलम ४७ आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. तेवढ्या बळावर कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणून न्यायालयांनी कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच आरोग्य धरलं.

त्यातला १९९६ चा निकाल तू मुळातून वाच. पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेचा एक माणूस जुलै १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखाने झाले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात १७,००० रुपये मोजून उपचार घ्यावे लागले. सुप्रीम कोर्टाने २५,००० रुपये भरपाई दिली आणि पैशांची अडचण ही सबब सरकारला इथे चालणार नाही, असं बजावलं.

आता एप्रिल २०२१ मधलं, कोविडच्या लाटेतलं आपलं नागपूर आठव. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. शहराला रेमडेसिविरच्या १०,००० कुप्या तातडीने द्या, असा आदेश झाला. कुप्या आल्या नाहीत. तुम्हाला लाज वाटत नसेल तर आम्हाला वाटते, अशा अर्थाचं न्यायमूर्ती शुक्रे आणि मोडक यांच्या पीठाला सुनावावं लागलं. (त्या औषधाच्या वापराविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरातच सशर्त शिफारस केली होती, हा आणखी एक विनोद.) भिलाईहून येणारा ऑक्सिजन कमी केला गेला, तेव्हा त्यातही कोर्टालाच पडावं लागलं. न्यायमूर्तींनी कुप्या आणि टन मोजत बसावं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं. पण दुसरं कोण मोजत होतं?

याच खंडपीठाचा ऑक्टोबर २०२० चा एक निकाल आहे. त्याची चर्चा कमी झाली, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. खासगी रुग्णालयांत कोविड नसलेल्या रुग्णांच्या बिलांवरही सरकारने मर्यादा घातली होती. रुग्णालयांची संघटना कोर्टात गेली आणि जिंकली. सरकारने ज्या कायद्यांचा आधार दाखवला, त्यांत तो अधिकारच बसत नव्हता. कायदा म्हणून निकाल बरोबर आहे, आणि झोंबतो तो म्हणूनच. हेतू कितीही चांगला असो, कायदा नसेल तर अधिसूचना टिकत नाही.

मोफत उपचारांचंही तेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात उपचार मोफत झाले, पण ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. मेडिकल आणि मेयो ही इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं पडली वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिली. म्हणजे तुझ्या आरोग्य केंद्रात पैसे नाहीत, इथे डागा रुग्णालयात नाहीत, पण तू मेडिकलला पाठवलेल्या माणसाला शुल्काच्या खिडकीपुढे उभं राहावं लागणार. आपण कोणत्या विभागाच्या हद्दीत आजारी पडलो, हे गडचिरोलीच्या किंवा छिंदवाड्याच्या रुग्णाला कसं कळावं? शासन निर्णयाने दिलेलं दुसऱ्या शासन निर्णयाने काढूनही घेता येतं. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले खासगी डॉक्टर रस्त्यावर आले. तातडीच्या उपचारांचे पैसे कोण देणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. महाराष्ट्राने त्याचं उत्तर कायद्यातच लिहावं, पण कायदा करावा.

तो होईल तेव्हा होईल. तोवर तुझ्या हातातली एक गोष्ट कर. रुग्ण पुढे पाठवताना केसपेपरवर नुसतं ‘रेफर’ लिहू नकोस. किती वाजता आला, कोणत्या अवस्थेत होता, तू काय उपचार केलेस, आपल्याकडे काय नव्हतं, १०८ रुग्णवाहिका कधी बोलावली आणि कधी आली, हे सगळं लिही, सही कर, प्रत ठेव. वरिष्ठ नाराज झाले तरी लिही. उद्या प्रकरण खंडपीठापुढे आलंच, तर वकील म्हणून मला तोच कागद लागेल.

तुझी,
मावशी