अकरा नंबर

1998 च्या एप्रिलमध्ये भर मैदानात मी चुकीच्या पोराला पहिला नंबर दिला. कोल्हापूरजवळच्या एका गावातली मोटोक्रॉस शर्यत होती. धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलेलं, त्याचा चिखल झालेला आणि तो सगळा गाड्यांच्या नंबरप्लेटवर थापलेला. शेवटच्या उडीवरून दोन गाड्या जोडीनं आल्या आणि मी माईकवर ओरडलो, "सतरा नंबर! सतरा नंबर!" जिंकला होता अकरा. शेजारी बसून लॅप मोजणाऱ्या पोरानं माझा शर्ट ओढला आणि वहीवर बोट ठेवलं. मला तिथंच कळलं. पण समोर हजारभर माणसं होती. मी म्हणालो, "लॅप मोजणाऱ्यांची जरा गडबड झालेली दिसते, मंडळी." लोक हसले. पोरगं मान खाली घालून बसलं. पुढच्या शर्यतीला ते आलं नाही. त्यानंतरही कधी आलं नाही.

हे आधी कबूल केल्याशिवाय बीबीसीवरचे मोटार शर्यतींचे निवेदक मरे वॉकर यांचं माझ्यावरचं ऋण मला सांगता येणार नाही.

मी तेव्हा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायचो. निवेदन ही रविवारची हौस. 1996 च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टरचे मामा आले, ते बॅगेतून तीन व्हिडिओ कॅसेट घेऊन. बीबीसीवर दाखवलेल्या फॉर्म्युला वनच्या शर्यती त्यांनी घरी टेप केल्या होत्या. "तू माईकवर बोलतोस ना, मग हा माणूस ऐक," एवढंच ते म्हणाले.

माझं इंग्रजी बेताचं. निम्मं कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. पहिल्या कॅसेटवर 1986 ची अ‍ॅडलेडची शर्यत होती. नायजेल मॅन्सेलला जगज्जेता व्हायला तिसरा नंबर पुरेसा होता. 82 पैकी 64 व्या लॅपला, सरळ रस्त्यावर, भरधाव वेगात त्याच्या गाडीचा मागचा डावा टायर फुटला. ठिणग्या उडवत गाडी हेलपाटत चालली आणि वॉकर यांचा आवाज तिच्याबरोबरच फाटला. तेवढा तुकडा मी मागेपुढे करून इतका पाहिला की त्या जागी कॅसेटवर रेघा उमटल्या. शांत बोलतानाही हा माणूस विजारीला आग लागल्यासारखा वाटतो, असं टीव्ही समीक्षक क्लाइव्ह जेम्स यांनी त्यांच्याबद्दल म्हटलं होतं. मी नेमकी ती आग उचलली. वर्षभर मी मैदानावर नुसता ओरडत होतो.

आणि हसत होतो. वॉकर त्यांच्या चुकांसाठी प्रसिद्ध होते. "माझी फार मोठी चूक होत नसेल तर…" असं म्हणून ते काहीतरी ठामपणे सांगायचे आणि पुढच्याच दमात "…आणि माझी फार मोठी चूक होतेय!" म्हणायचे. मामांनी अर्थ समजावला तेव्हा आम्ही घरातले सगळे पोट धरून हसलो. मी चुका करत नाही, फक्त लगेच खोटी ठरणारी भाकितं करतो, असं ते स्वतःही गमतीनं म्हणायचे.

त्या एप्रिलच्या रात्री झोप येईना म्हणून मी पुन्हा कॅसेट लावली. तसंच एक वाक्य आलं. या वेळी मला हसू आलं नाही. ऐकणारे लाखो लोक. चुकीचं बोलणं आणि चूक कबूल करणं यांच्यामध्ये श्वासाएवढीही फट नव्हती. कुणाकडे बोट दाखवायचं म्हटलं तर तेवढी तरी फट लागतेच. मला ती सापडली होती आणि मी त्यात एका पोराला ढकललं होतं.

पुढे 2002 मध्ये वॉकर यांचं आत्मचरित्र निघालं. मामांनी ते पाठवलं. डिक्शनरी शेजारी ठेवून मला ते वाचायला सात-आठ महिने लागले. त्यांचे वडील ग्रॅहम वॉकर मोटरसायकल शर्यतींतले मोठे नाव, 1928 च्या अल्स्टर ग्राँप्रीचे विजेते. पुढे तेही बीबीसीवर निवेदन करायचे आणि बरीच वर्षं बापलेकांनी मिळून ते केलं. मरे दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर होते. 1949 मध्ये सिल्वरस्टोनच्या ब्रिटिश ग्राँप्रीला त्यांनी बीबीसीसाठी निवेदन केलं. पण पोटापाण्याला होती ती जाहिरात संस्थेतली नोकरी. ती त्यांनी सोडली 1982 मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. म्हणजे इंग्लंडच्या घराघरांत ओळखला जाणारा हा आवाजही तोवर आठवडाभर ऑफिसात बसायचा. हे वाचून मला आनंद होण्याऐवजी ओशाळल्यासारखं झालं. तयारी का केली नाही, या प्रश्नाला इतकी वर्षं माझं ठरलेलं उत्तर होतं, 'नोकरी आहे हो.' ते उत्तर त्या दिवशी संपलं.

कारण तयारीच्या बाबतीत हा माणूस भयंकर होता. शर्यतीआधी गॅरेज-गॅरेज फिरायचं, चालकांशी, मेकॅनिकांशी बोलायचं आणि हातानं टिपणं काढायची. मला वाटायचं, शब्द आपोआप येतात. मी शंभर पानी वही घेतली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर जायला लागलो. पोरं गाड्यांच्या चेन घट्ट करत बसलेली असायची. त्यांना नाव, गाव, गाडी विचारायची आणि हेल्मेटचा रंग टिपायचा. चिखलानं नंबर झाकतो, पण हेल्मेट सहसा पूर्ण झाकत नाही. त्या अकरा नंबरच्या हेल्मेटवर लाल पट्टा होता, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी अर्धा तास गेलो असतो तरी पुरलं असतं.

दुसरा धडा जेम्स हंटच्या निमित्तानं मिळाला. हंट 1976 चा जगज्जेता, वॉकरपेक्षा चोवीस वर्षांनी लहान, वागायला बेफिकीर. 1980 पासून बीबीसीनं त्याला वॉकर यांच्या शेजारी बसवलं आणि दोघांत माईक दिला एकच. वॉकर उभे राहून बोलायचे, हंट बसून. एकदा हंटनं माईक हिसकावला तेव्हा वॉकर यांनी त्याच्यावर मूठ उगारली होती. हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय. सुरुवातीला हा माणूस त्यांना नकोसा होता, हेही. पण तेरा वर्षं दोघांनी तो माईक वाटून घेतला. वेग आणि उत्साह वॉकर यांचा, गाडीच्या आतलं ज्ञान हंटचं. 1993 च्या जूनमध्ये, कॅनडाच्या शर्यतीनंतर दोनच दिवसांनी हंट पंचेचाळिसाव्या वर्षी गेला.

माझ्या शेजारीही एक जुने रायडर बसायचे. त्यांचा एक पाय शर्यतीतच अधू झालेला. पुढची उडी कोण चुकवणार, हे त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. मी त्यांना माईक देत नसे. ते माझ्या कानात सांगायचे आणि मी ते स्वतःचं म्हणून लोकांना ऐकवायचो. पुस्तकातलं ते प्रकरण वाचल्यावर पुढच्या रविवारी मी माईक त्यांच्या हातात दिला. ते अडखळत बोलले, पण मैदान गप्प होऊन ऐकत होतं. मी त्यांची किती वर्षं खाल्ली, ते मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या कॅसेटवर ऑक्टोबर 1996 ची जपानमधली सुझुकाची शर्यत होती. डेमन हिल जगज्जेता झाला ती. त्याचे वडील ग्रॅहम हिल दोनदा जगज्जेते झालेले, 1975 मध्ये विमान अपघातात गेलेले. पोरगं तेव्हा पंधरा वर्षांचं होतं. डेमननं रेषा ओलांडली तेव्हा वॉकर म्हणाले की, आता मला थांबलं पाहिजे, घसा दाटून आलाय. आणि तो बडबड्या माणूस थांबला. हे मात्र मला अजून साधलेलं नाही. गप्प राहायची वेळ आली की मी घाबरतो आणि काहीतरी बोलून जातो.

2000 च्या जर्मन ग्राँप्रीत त्यांनी फेरारीच्या दोन चालकांत गल्लत केली. वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्यांनी पुढच्या वर्षी थांबायचं ठरवलं आणि 30 सप्टेंबर 2001 ला इंडियानापोलिसला शेवटची शर्यत केली. वय सत्त्याहत्तर. मला माझा सतरा नंबर आठवला. तशीच चूक, पण शेवटी ती कुणाच्या नावावर टाकली, एवढाच काय तो फरक. तो फरक फार मोठा आहे.

13 मार्च 2021 ला वॉकर गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो, कधी पत्रही लिहिलं नव्हतं. त्या आठवड्यात मी लॅप मोजणाऱ्या त्या पोराचा पत्ता काढला. आता चाळिशीच्या पुढचा, हायवेला त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मी तोंडावरचा मास्क खाली केला तेव्हा कुठे त्यानं ओळखलं. चहा मागवला. तेवीस वर्षांपूर्वीची चूक माझी होती, तुझी नव्हती, असं मी सांगितलं. कामगार ऐकत होते, त्यांच्यासमोरच सांगितलं.

"काय सर, किती जुनं काढताय. मला तर आठवतपण नाही," तो हसून म्हणाला आणि पान्ह्यांत काहीतरी शोधू लागला.

चहा झाला. मी गाडीला किक मारली. तो हात पुसत बाहेर आला.

"अकरा नंबर होता तो," तो म्हणाला.