शब्द किनाऱ्यास लागावा

कोवलम म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना केरळातील कोवलम आठवते. मी म्हणतो ते निराळे. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर, शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर असलेले हे कोळ्यांचे गाव. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांची बोलणी येथील सागरतीरावरच्या एका हॉटेलात झाली. दोघांच्या भाषा भिन्न, म्हणून दुभाषे आलेच. लोकांनी नेते पाहिले. अनुवाद हाच ज्याचा व्यवसाय, त्या माझी दृष्टी मात्र दुभाष्यांकडे वळली.

आता यंत्रही हे काम करू लागले आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीस काशी तमिळ संगमम्‌च्या प्रसंगी पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ या शासकीय यंत्रणेच्या साहाय्याने तमिळ श्रोत्यांना तत्क्षणी तमिळमध्ये ऐकता आले. तेव्हापासून स्नेही मला विचारतात, ‘आता तुमचे कसे होणार?’ प्रश्न थट्टेचा, तरी अस्थानी नव्हे. परंतु माझ्या भाकरीपेक्षा मोठा प्रश्न निराळाच आहे. यंत्राने शब्द पालटला, तरी तो ज्याला हवा त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणार कोण? आणि पोहोचला, तरी त्यावर तो विश्वास का ठेवील?

या प्रश्नाचे मोल कोवलमच्या किनाऱ्याने जाणले आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळी भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडे सकाळचे सुमारे साडेसहा वाजले होते. लाटा तमिळनाडूस पोहोचेपर्यंत दोन तासांहून अधिक काळ लोटला. भूकंपमापकांनी धक्का टिपला होता. पण ती वार्ता किनाऱ्यावरील माणसाच्या कानी घालणारी व्यवस्थाच नव्हती. कोवलमलाही लाटांचा तडाखा बसला.

त्याच दिवशी पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू गावी मात्र निराळे घडले. सिंगापुरात असलेल्या गावच्याच एका माणसाने संकटाची वार्ता कळताच घरी दूरध्वनी केला. गावात एम. एस. स्वामिनाथन प्रतिष्ठानचे ज्ञानकेंद्र होते व तेथे ध्वनिक्षेपक होता. त्यावरून इशारा देण्यात आला आणि गाव रिकामे झाले. घरे मोडली, होड्या गेल्या, माणसे वाचली. दूरध्वनी आणि कर्णा, दोन्ही जुनीच साधने. पण सांगणारा आपला होता आणि शब्द आपल्या भाषेतला होता. म्हणून कोणी शंका काढीत बसले नाही.

पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. हीच संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे ते कळविते, आणि तेही किनाऱ्यावरच्या भाषांत. कोवलमच्या कोळ्यास तमिळमध्ये मिळते ते आपल्या रत्नागिरीच्या कोळ्यास मराठीत. हे भाषांतर विज्ञानावर वरून चढविलेली झालर नव्हे. तो त्या विज्ञानाचाच अखेरचा टप्पा होय. तो चुकला, तर आकाशातील उपग्रह आणि किनाऱ्यावरील झोपडी यांत अंतर तेवढेच उरते.

म्हणून नव्या यंत्राचे कौतुक ऐकताना राज्यकर्त्यांना आपण एवढे जरूर विचारावे: हे कोणाच्या भाषेत बोलते, आणि त्याचे बोलणे चुकले तर दुरुस्त करणारा माणूस कोठे आहे? आणि राज्यकर्त्यांना विचारताना घरचे कर्तव्यही विसरू नये. वादळाची वा पुराची सूचना आता मोबाइलवर येते. ती वाचता न येणारे वडीलधारे आपल्या घरात वा शेजारी असतील, तर त्यांना ती मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम कोणाचे, हे आजच ठरवून ठेवावे.