शेतनोंद : आवण, पाठदुखीच्या गोळ्या आणि आईचा रिपोर्ट

कर्जत-३ पोटरीत आलंय. वरच्या खाचरात पाणी टिकत नव्हतं, म्हणून काल बांधावरनं फिरलो. तीन ठिकाणी चिंबोऱ्यांनी बिळं पाडलेली. दगड-माती भरून बुजवली. आज मात्र भातावर कमी आणि आईच्या रक्तावर जास्त लिहितोय. पाठदुखीची गोळी आपल्या प्रत्येक घरात असते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आई ६६ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिच्या रक्तात एक जादा प्रथिन सापडलं, एम प्रोटीन. मग हाडातल्या मगजाची तपासणी झाली, त्यात प्लाझ्मा पेशी १४ टक्के निघाल्या. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये सांगितलं, हा स्मोल्डरिंग मायलोमा. राब भाजल्यावर राखेखाली धग राहते ना, तसं. पेटलेला नाही, विझलेलाही नाही. औषध सुरू केलं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि लक्ष ठेवायचं.

आजार पेटला का, हे बघायला डॉक्टर चार गोष्टी धरतात : कॅल्शियम, किडनी, रक्त आणि हाडं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याला ‘क्रॅब’ म्हणतात, म्हणजे आपली चिंबोरीच. ऐकून आई हसली होती. “बांध फोडणारीच निघाली,” म्हणाली.

आता माझी चूक सांगतो. जुलैत लावणीला माणसं कमी पडली. नको म्हटलं तरी आई आवण खणायला बसली. चार दिवसांनी पाठ धरली. मी मेडिकलमधनं डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही डॉक्टरांना विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ एक, असं वीस दिवस चाललं. पाऊस, गारठा, त्यात तिचं पाणी पिणंही कमी.

महिनाअखेरीला रक्त दिलं. रिपोर्ट मोबाईलवर आला. क्रिएटिनिन ०.९ चं १.४. कप्पा लाइट चेन ४८ ची ७१, लँब्डा १६ ची २४. जाड अक्षरं बघून माझे हातपाय गळाले. धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, रस्त्याकडचा तुकडा काढून टाकू. फार्महाऊसवाले मागतायत, पैसा हातात राहील.” मी नाही म्हणू शकलो नाही. ती रात्र आम्ही दोघांनी मनातल्या मनात जमीन विकूनच काढली.

खारघरला डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, “दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का?” मी मान खाली घातली.

मग त्यांनी कागदावर समजावलं. कप्पा आणि लँब्डा या दोन्ही लाइट चेन किडनीतून गाळून जातात. किडनी मंदावली की दोन्ही साठतात, म्हणून आकडे सोबत चढतात. आजार वाढला तर सहसा एकच बाजू पळते आणि दोघांचं गुणोत्तर बिघडतं. आईचं गुणोत्तर आधी ३.० होतं, आता २.९६. म्हणजे जवळपास तेच. (निरोगी माणसाचं ०.२६ ते १.६५ असतं.) एम प्रोटीन २.१ चं २.२, एवढा फरक मोजण्यातही पडतो. म्हणून दरवेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्यायचं आणि जुने आकडे शेजारी ठेवून वाचायचं. हिमोग्लोबिन ११.२, कॅल्शियम ठीक. हिमोग्लोबिन १० च्या खाली, क्रिएटिनिन २ च्या वर किंवा कॅल्शियम ११ च्या वर गेलं आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर आजार पेटला असं धरतात.

पाठदुखीही त्यांनी लावणीवर ढकलली नाही. या आजारात मणका आतून पोखरला जाऊ शकतो, म्हणून सीटी स्कॅन केला. हाडं साफ निघाली. गोळ्या बंद, पाणी भरपूर, तीन आठवड्यांनी परत रक्त.

तो रिपोर्ट परवा आला. क्रिएटिनिन १.०, कप्पा ५०, लँब्डा १७. जमिनीचा विषय भावाने काढला नाही, मीही नाही.

आता पावसाच्या नोंदीच्या वहीतच मागच्या पानावर आईचे आकडे लिहितो. तारीख, एम प्रोटीन, कप्पा, लँब्डा, गुणोत्तर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, आणि शेवटच्या रकान्यात त्या महिन्यात काय खाल्लं, कोणत्या गोळ्या घेतल्या. एका दिवसाच्या पावसावरनं आपण साल ठरवत नाही, तसं एका रिपोर्टवरनं काही ठरवायचं नाही. पण पाणी उतरताना दिसलं तर बांध बघायला लगेच जायचं.

घरात कोणाची किडनी नाजूक असेल, मायलोमा असेल, तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मी दिल्या. या वेळी किडनी सावरली, दरवेळी सावरेलच असं नाही.

पुढची तपासणी कापणीच्या सुमारास. आईने आत्ताच विचारलंय, वाल पेरायला येऊ का. म्हटलं, बांधावर बसून सांग, पेरतो मी.