प्लगाचे आटे

गाडीच्या बाबतीत मी अगदी अडाणी आहे, असं म्हणता येणार नाही. अडाणी माणूस बॉनेट उघडतच नाही. मी अर्धवट शहाणा होतो आणि त्याने काय होतं, ते मला मे 2012 मध्ये खानापुरात कळलं.

झालं असं की, आईला बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली होती, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच निघून पाहुण्यांकडे मुक्काम करायचं ठरलं. लांबचा प्रवास, म्हणून निघण्याच्या आधल्या संध्याकाळी ऑफिसातून येताच मी आमच्या मारुती 800 चे प्लग बदलायला घेतले. तीन सिलिंडर, तीन प्लग. एवढ्यासाठी गॅरेजवाल्याला पैसे कशाला द्यायचे? इंजिन तापलेलंच होतं. कडेचे दोन्ही प्लग सरळ बसले. मधला अडखळला. मी पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर केला. कर्र असा आवाज झाला आणि प्लग 'बसला'. माझ्या बोटाचं साल तेवढं निघालं.

अनमोडचा घाट चढलो, लोंढा मागे टाकलं. खानापूर आलं म्हणेपर्यंत बॉनेटखाली फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि इंजिन दम लागलेल्या माणसासारखं फुसफुसू लागलं. गाडी बंद करून बघतो तर मधला प्लग वायरसकट बाहेर उडालेला!

लोकांनी ढकलत गाडी जवळच्या गॅरेजात नेली. कौलारू शेड, बाहेर जुने टायर. मेस्त्री साठीकडे झुकलेले. त्यांनी प्लग हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि माझ्यापुढे धरला. प्लगाच्या खाचांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली होती.

"ही तार न्हवं. हेडचे आटे हायत हे. प्लगासंगं उपसून आलेत. कुणी बसवला वो हा?"

"आमच्या तिकडच्या गॅरेजवाल्याने," मी म्हणालो.

कसा कोण जाणे, पण हा शब्द तोंडातून आपसूक निघाला. आमच्या खात्यात चूक कुणाची असं विचारलं की बोट नेहमी पलीकडच्या टेबलाकडे जातं. इतक्या वर्षांची सवय. आई बाजूच्या बाकड्यावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही.

आणखी एक सांगतो. मराठी घेऊन बी. ए. झालेला मी, तोवर 'थ्रेड गेले' असंच म्हणत आलो होतो. 'आटे' हा शब्द मला त्या शेडमध्ये नव्याने भेटला. मेस्त्री माझ्याशी मराठीत, पोराशी कानडीत आणि फोनवर स्पेअरपार्टवाल्याशी हिंदीत बोलत होते. आट्यांना मात्र आटेच म्हणत होते.

नेमके हत्यार त्यांच्याकडे नव्हते. बेळगावचं उद्यमबाग खानापूर रोडवरच, पंचवीसेक किलोमीटरवर. फाउंड्र्या आणि लेथची दुकानं तिथे खच्चून भरलेली. पोराला मोटारसायकलवरून तिकडे पिटाळलं. तो येईपर्यंत चहा झाला आणि मेस्त्रींनी माझ्या त्या नसलेल्या गॅरेजवाल्याची शिकवणी घेतली.

"सांगा त्येला, हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. मऊ कोण? हेड. मग जोर केला की मरणार कोण? हेडच. आणि ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा दुप्पट फुगतं. तापलेल्या इंजिनात प्लग खोलायचा न्हाई, घालायचाबी न्हाई. थंड होऊ द्यायचं. पान्याला हात लावायच्या आधी प्लग बोटानं फिरवायचा. बोटानं शेवटपर्यंत गेला पायजे. अडला तर काढायचा, पुसायचा, परत लावायचा. वायसर टेकला की नव्या प्लगाला अर्धा फेरा, बास. जुना असला तर त्याहून बी कमी."

प्लग लगेच का उडाला नाही, तेही त्यांनी समजावलं. अर्धे आटे शिल्लक होते. प्लगाचं तोंड 14 मिलिमीटरचं, म्हणजे दीड चौरस सेंटीमीटरच्या आसपास. पण स्फोटाचा दाब हवेच्या तीस-चाळीसपट धरला तरी आतून पन्नासेक किलोचा धक्का बसतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर असे धक्के मिनिटाला 1500. घाटभर उरलेल्या आट्यांनी तो मार सोसला.

पोरगं आलं. खरं म्हणजे हेड उतरवून हे काम करावं, पण त्यात दिवस जाणार होता. मेस्त्रींनी पिस्टन खाली घेतला, टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस आत न पडता त्यातच चिकटेल. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मध्येच टॅप काढून पुसायचा, नवं ग्रीस. भोक मोठं झालं, नवे आटे पडले. मग स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी त्यात फिरवत बसवली. हेलिकॉइल म्हणतात तिला. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत हीच युक्ती वापरली जायची, हे मी नंतर वाचलं. गुंडाळीचं टोक त्यांनी चिमट्यात धरूनच तोडलं. ते आत पडलं असतं तर पिस्टनचं वाटोळं.

"आता हे पहिल्यापेक्षा पक्कं," ते म्हणाले. "मूळचे आटे काय परत येत न्हाईत. पण ॲल्युमिनियमच्या जागी आता पोलाद आलं."

मग त्यांनी नवा प्लग माझ्या हातात दिला. "बसवा. तुम्हीच."

मी बोटांनी फिरवू लागलो. तिसऱ्या फेऱ्याला हात थांबला. सवयीने पान्याकडे नजर गेली. मग प्लग काढला, पुसला, पुन्हा लावला. या वेळी तो लोण्यासारखा आत गेला.

मेस्त्री माझ्या बोटावरच्या पट्टीकडे बघत होते. "त्या गॅरेजवाल्याचं बोट बरं हाय न्हवं आता?"

आई हळूच म्हणाली, "हें तुजेंच काम न्हय रे?"

"मीच बसवला होता," मी म्हणालो. मेस्त्री हसले नाहीत की रागावलेही नाहीत. "व्हय. मगाशीच कळलं. मेस्त्री लोक पट्टी लावत न्हाईत," एवढंच बोलून त्यांनी गाडी चालू करायला सांगितलं. तिन्ही सिलिंडर एका सुरात बोलू लागले.

आईची वेळ चुकली नाही. ती गाडी पुढे सहा वर्षं चालली आणि मधला प्लग पुन्हा कधी अडला नाही. मला मात्र एक वाईट वाटत राहिलं. जो माणूस जगात नव्हताच, त्याच्यावर मी इतक्या सहजपणे चूक ढकलली होती. खरा असता तर?

ऑफिसात आता कुठल्या फायलीवर दुसऱ्याचं नाव घालायची वेळ आली की मी आधी स्वतःच्या बोटांकडे बघतो. असो.