मध्यरेषेवरचा थांबा

कंबरेचे मणके झिजले आणि माझी स्वारी बंद झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून सकाळी दिल्लीतल्या मलकागंजातून हिंदूरावच्या टेकडीवर जातो आणि दुपारनंतर छावणीपलीकडच्या एका पागेत जमिनीवर उभा राहून शिकवतो. जन्मभर जे मांडीनं केलं ते आता तोंडानं करायचं. बाकी सगळं जमतं. एक थांबा तेवढा जमत नाही.

ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, म्हटलं की लोक पिआफ, पासाज अशा नजरेत भरणाऱ्या चालींबद्दल बोलतात. थांब्याबद्दल कुणी बोलत नाही. मैदानातल्या ‘ए’ या अक्षराकडून आत यायचं, मधोमध ‘एक्स’ला थांबायचं, मुजरा करायचा, यात काय विशेष, असं बघणाऱ्याला वाटतं. माझ्या मते अख्ख्या चाचणीत याहून अवघड काही नाही. घोडा चारही पायांवर सारखं वजन देऊन उभा राहायला हवा आणि डोकं हलता कामा नये. होतं असं की पुढचे पाय जुळतात आणि डावा मागचा वीतभर मागे राहतो. समोर ‘सी’ला बसलेल्या पंचाला घोडा सरळ दिसतो. ‘ई’ आणि ‘बी’च्या पंचांना मात्र तो राहिलेला पाय लगेच दिसतो आणि गुण तिथेच जातात.

पाय मागे राहतो तो स्वाराच्या हातामुळे. लगाम ओढला की घोड्याचं पुढचं अंग थांबतं, मागच्याला खबरच पोचलेली नसते. थांबा खरा सुरू होतो तीन-चार पावलं आधी. पाठ उंच, मांड आवळलेली, मागचे पाय पोटाखाली आलेले, आणि अगदी शेवटच्या क्षणी मूठ किंचित सैल. ती ढील द्यायची वेळ मला मांडीखाली कळायची. डावा मागचा पाय उचलला की घोड्याची डावी बाजू जरा खाली जाते, बसलेल्या माणसाचं डावं हाड तिच्याबरोबर उतरतं. तेवढ्यावर सगळं चालायचं. आता जमिनीवरून पाय दिसतो, पण ‘आत्ता!’ हा शब्द तिच्या कानावर पडेपर्यंत तो टेकलेला असतो.

ती म्हणजे माझी विद्यार्थिनी, साताऱ्याकडच्या एका फौजी अधिकाऱ्याची मुलगी. एकदा वैतागून म्हणाली, “काका, अर्ध्या गुणासाठी एवढं कशाला? सोडा ना.” मी सोडलं नाही. तिचं दुसरं वाक्य मात्र खरं होतं: “तुम्ही सांगता तेव्हा ते होऊन गेलेलं असतं.” मग मी बोलणंच बंद केलं. घोडा लांब दोरावर घेतला, तिला डोळे मिटायला लावले, आणि डावा मागचा उचलला की ‘डावा’ म्हण, एवढंच सांगितलं. पहिले काही दिवस तिचा ‘डावा’ उशिरा यायचा. मग बरोबर पडायला लागला. दुडकीत ‘डावा, डावा’ असा तिचा आवाज आणि पायाचं टेकणं ऐकत मी मध्ये उभा असायचो, आणि माझं हाड उभ्या-उभ्यासुद्धा तालात हलायचं.

अशा मेहनतीचं आपल्याकडे चीज झालं ते क्वचितच. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण आणि सांघिकही जिंकलं. टेंट पेगिंगमध्ये रुपिंदर सिंग ब्रार. त्यानंतर घोडेस्वारीतल्या सुवर्णाला 41 वर्षं लागली. 2023 ला हांगझोऊ एशियाडमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी 209.205 गुणांवर ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. चीन 204.882 वर मागे राहिला. अनुषनं वैयक्तिक कांस्यही घेतलं, आणि ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये, पॅरिसला, उतरलेला पहिला भारतीय तोच. “युरोपातले महागडे घोडे, त्यात काय मोठं!” असं आमच्याकडचे बरेच उस्ताद म्हणतात. मला हे पटत नाही. लगाम ओढणाऱ्याच्या हाती करोडोंचा घोडा दिला तरी त्याचाही पाय मागेच राहतो. या मुलांना घर सोडून वर्षानुवर्षं युरोपात राहावं लागलं, कारण रोगमुक्तीच्या नियमांमुळे इथला घोडा तिकडे नेणं दुरापास्त होतं. 2025 मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या (आरव्हीसी) रोगमुक्त विभागाला जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा मी पागेत पेढे वाटले. घोडा इथेच घडवून बाहेर नेता यावा, असं मला फार वाटतं. आपल्या तरुण शिक्षकांचा राग येतो तो यासाठी: सगळे उड्यांच्या मागे. उडी फोटोत दिसते. थांब्याचा फोटो कोण काढणार?

नाव व्हावं असं मलाही वाटतं. सकाळी मी चढतो त्या टेकडीवरचं रुग्णालय ज्यांच्या नावाचं, ते हिंदूराव कागलकर घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर 1835 मध्ये मारला गेल्यावर त्याचा बंगला पुढे यांच्याकडे आला. मीही त्यांच्यासारखा कोल्हापूरकडचा. ती पाटी रोज वाचतो आणि रोज बरं वाटतं. दिल्लीत कुणीतरी आपलं नाव घ्यावं, ही भूक माझ्यात आहेच.

गेल्या हिवाळ्यातल्या एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीच्या थांब्याला ‘ई’च्या पंचानं आठ दिले. सगळे तिच्याभोवती जमले. मी गुणपत्रिका घेऊन बाकीच्या शिक्षकांकडे गेलो, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कुणीतरी ‘हे तुमचं काम’ म्हणेल म्हणून थांबलो. कुणी म्हणालं नाही. ते अजून लागतं, पण तो आकडा आठवून सुखही होतं.

दुडकीतून आता ती चौरस थांबते. वरच्या चाचण्यांत मात्र कँटरमधून थेट थांबावं लागतं. तिथे उजवा मागचा राहतोय, आणि पुढच्या मोसमात तिला तीच चाचणी द्यायची आहे.