बॉल मागे येतो तेव्हा

टीव्हीवर गोल्फ लागलं की आपण चॅनेल बदलतो. पण एक शॉट मात्र हातातला रिमोट थांबवतो. दीडशे यार्डांवरून आलेला बॉल ग्रीनवर टप्पा घेतो, थबकतो आणि चक्क मागे सरकतो. कुणीतरी दोरीने ओढल्यासारखा! हाच तो बॅकस्पिन.

वाकडकरांनो, हे प्रत्यक्ष बघायला दुबईला जायची गरज नाही. शनिवारी भल्या सकाळी हिंजवडीकडे पाठ करून महामार्गाला लागा. मुळा ओलांडली की बालेवाडी, मग बाणेर, पाषाण, आणि बावधनला डोंगरावर ऑक्सफर्डचा 18 होलचा कोर्स. (आधी फोन करून मेंबर नसलेल्यांसाठी वेळ आणि दर विचारून घ्या.)

रेंजवर पाच मिनिटं नुसतं बघत बसलं, तरी नवखा कोण ते कळतं. बॉल वर जायला हवा म्हणून तो मागे झुकून बॉल उचलायला जातो. गंमत म्हणजे तिथेच सगळं बिघडतं. बॉल उचलायचं काम आयर्नच्या तिरक्या फेसचं आहे, तुमचं नाही. तुम्ही क्लब खाली येऊ द्यायचा. आधी बॉल, मग माती. ऑफिसमधल्या टेबल टेनिसचा चॉप आठवा: बॅट खाली उतरते आणि बॉल उलटा फिरतो. इथेही फेस वर बघत असतो, क्लब खाली जात असतो, आणि या दोन दिशांतल्या फरकामुळे बॉल फेसवर घासला जातो. तोही जेमतेम अर्धा मिलिसेकंद! तेवढ्यात जगातले अव्वल प्रो सेव्हन आयर्नने मिनिटाला साधारण 7,000 फेरे देतात, पिचिंग वेजने 9,000 च्या पुढे. सोबत वेगही लागतो. हळू स्विंगला बॉल मागे येत नाही. जागच्या जागी थांबला तरी पार्टी द्या!

घासणं आलं म्हणजे स्वच्छता आली. फेसवरच्या खाचा बॉलला ओरबाडतात असा समज आहे. खरं तर त्या टायरच्या नक्षीसारखं काम करतात, पाणी आणि गवताचा रस बाजूला सारतात. दाट गवतातूनही स्पिन मिळू लागला, म्हणून 2010 पासून मोठ्या स्पर्धांत या खाचांच्या धारेवर मर्यादा आली. आपल्या पावसाळ्यात तर खाचा असूनही ओल्या गवतातून बॉल सटकतो, स्पिन कमी होतो आणि तो ग्रीनपलीकडे पळतो. तेव्हा नवा सेट घेण्याआधी खिशात एक फडकं ठेवा.

बॉलचाही वाटा मोठा. मऊ युरेथेनच्या कव्हरचा बॉल फेसला चिकटतो. रेंजवरचे बॉल बहुधा कडक, त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि रेंजची मॅट? ती गोड बोलून फसवते. क्लब बॉलच्या मागे आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि शॉट बरा वाटतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो.

मग सराव कसा? बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि त्याला न लागता बॉल मारा. सुरुवातीला टॉवेलच जास्त उडेल.